ऑक्ताफच्या दाराशी

गेंट, २८ नोव्हेंबर १८९८

श्री. कामिएल बार्त यांस, मुक्काम ऑस्टेंड,

माझे रबरी जोडे तुमच्याकडे आहेत.

वाक्य लहान आहे म्हणून विषय लहान समजू नये. गेल्या अठरा तारखेला, शुक्रवारी, सकाळी साडेदहा ते साडेअकरा, चर्चसमोरच्या गुत्त्यात आपलं अख्खं मुक्तविचार मंडळ बसलेलं असताना, दाराशी पडलेल्या चिखलाच्या जोड्यांतून तुम्ही माझे उचललेत आणि तुमचे माझ्यासाठी सोडून गेलात. तुमचा पाय माझ्या पायाहून दोन बोटं लांब आहे, हे गेली एकतीस वर्षं गावाला ठाऊक आहे. तुम्हाला कसं नाही? परिणामी संस्कृतचा एक बावन्न वर्षांचा प्राध्यापक गेंटच्या फरसबंदीवरून बदकासारखा चालतो आहे. तो पुढे जातो आणि त्याचे जोडे मागून येतात. माझे विद्यार्थी तिघे. त्यांतला एक नेहमी झोपलेला असतो. परवा मी वर्गात शिरलो तेव्हा तोसुद्धा जागा झाला.

मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो आहे, हे ध्यानात आलं असेलच. जिभेला जड जातं. पण रागाला अंगभर कपडे हवेत, नाहीतर त्याला कुणी ओळखत नाही.

जोड्यांची चूक मी विसरेन. पण त्या गुत्त्यात बसायची वेळच का यावी? तुम्ही गाव सोडून गेलात, तुमची स्मरणशक्ती ऑस्टेंडच्या वाऱ्याने उडून गेली असेल, म्हणून क्रमाने लिहितो.

दहा वर्षांपूर्वी आपण तिघांनी एक कागद केला. तुम्ही, मी आणि ऑक्ताफ स्टीन्स, छापखानेवाला, ज्याने आपल्या मंडळाचं प्रत्येक पत्रक फुकट छापलं आणि प्रत्येक पत्रकातल्या माझ्या चुका मोठ्याने वाचून दाखवल्या. कागदात होतं की आपलं दफन चर्चविना होईल. मरताना पाद्री येणार नाही. ज्याची वेळ येईल त्याच्या दाराशी उरलेले दोघे पाळीने बसतील, आणि नातेवाईक पाद्रीबुवांना घेऊन जिना चढले तर त्यांना तिथूनच परत पाठवतील. शेवटचं कलम मी घातलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता, तो आता लपवत नाही: "आजारपणात मी याविरुद्ध काहीही बोललो, तर ते माझं बोलणं समजू नये." ऑक्ताफने ते जाड ठशात छापलं. तिघांनी सह्या केल्या, आणि नगरपालिकेच्या दफनभूमीत तीन जागा घेतल्या, शेजारी शेजारी.

"मधली माझी," ऑक्ताफ म्हणाला होता. "तुम्हा दोघांना लगत पुरलं तर सगळ्या मेलेल्यांची झोप उडेल."

त्याच्या दफनाचं भाषण मी सहा महिने आधी लिहिलं आणि त्याने ते स्वतः तपासलं. "'अढळ' काढ रे. मेलेला माणूस अढळ नाहीतर काय असणार?" आठवतं?

मग तेरा तारीख, रविवार. पाळी तुमची. सकाळी दहाला त्याची बहीण नाताली, बेगीनांच्या, म्हणजे व्रतस्थ बायकांच्या आश्रमातली, लेस विणणारी, पांढऱ्या टोपीची, पाद्रीबुवांना घेऊन जिना चढली. साडेदहाला पाद्रीबुवा खाली उतरले. मधल्या अर्ध्या तासात काय झालं ते सगळ्या गेंटला ठाऊक आहे, कारण दार तुम्ही उघडलंत. मंगळवारी ऑक्ताफ गेला. मला मात्र पाद्र्यांच्या वर्तमानपत्रातून कळलं, गुरुवारी, कॉफीबरोबर: "एका जुन्या नास्तिकाची घरवापसी." तोवर मी बँड ठरवला होता. मंडळाचा निळा झेंडा इस्त्री करून घेतला होता. दोन दिवस तुम्ही माझ्याबरोबर फुलांचे रंग ठरवत होता, कामिएल. पांढरी की पिवळी?

शुक्रवारी त्याची पेटी चर्चमध्ये गेली आणि आपण, चर्चमध्ये पाऊल न ठेवण्याच्या आपल्या रिवाजाप्रमाणे, समोर गुत्त्यात बसलो. मधली जागा रिकामी आहे.

चोवीस तारखेच्या सभेत तुम्ही एवढंच म्हणालात, "तो मागत होता," आणि खाली बसलात. तुम्हाला काढून टाकायचा ठराव मी मांडला. बाजूने तेहतीस हात. विरोधात एकही नाही. तुमचा हातही वर गेला नाही. तो टोपी कुरवाळत होता.

जोडे पाठवावेत.

ली. हासार्त


गेंट, १२ डिसेंबर

कामिएल,

तुझं कार्ड आलं. "आधी माझे पाठव." तीन शब्द, खाली सही नाही. मागे ऑस्टेंडच्या धक्क्याचं चित्र, त्यावर छत्री घेतलेली एक बाई. चौदा दिवस वाट पाहून हे. 'तुम्ही' सोडून दिलं आहे, पाहिलंस ना, आळसाने. माफी समजू नकोस.

"तो मागत होता." या तुझ्या वाक्यावर मी दोन आठवडे घालवले. ज्या पंडितांच्या ग्रंथांवर माझं पोट चालतं, त्यांनी असल्या युक्तिवादाला हेत्वाभास असं सुरेख नाव ठेवलं आहे. कारण दिसतं कारणासारखं, पण नसतं. तापात माणूस काय मागत नाही? त्याच आठवड्यात ऑक्ताफने त्याची घोडी मागितली होती. ती घोडी आपल्या कागदाच्याही आधी मेली. आणली का तू घोडी? जिना चढवलीस?

आणि तू शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस! मंडळाच्या दिवाणखान्यात पडदा ताणून, दिवे घालवून, नव्या किरणांनी माझ्या हाताची हाडं सगळ्यांना दाखवलीस, अंगठीसकट. बायका किंचाळल्या. ऑक्ताफ मागून ओरडला, "कामिएल, हातात नको शोधू, जरा वर सरक! आत्मा सापडला तर सांग, मी विशेष अंक काढतो!" त्या ऑक्ताफला तू पाद्र्याकडून मरणाआधीचं तेल लावू दिलंस.

शुक्रवारी, अकरा तारखेला, माझी पाळी होती. दुपारी दोन ते सात. विशेष काही घडलं नाही. पाऊस होता. मी त्याची उशी सारखी केली, तो झोपला, मी घरी आलो. नाताली जिन्यात बसली होती, मांडीवर लेस विणायची गादी घेऊन. मी तिला टोपी काढून अभिवादन केलं. नियम पाळूनही माणसाला सभ्य राहता येतं, हे तुला दाखवायला लिहितो.

मंडळात आता पॅरिसच्या त्या हेर ठरवलेल्या कैदी कॅप्टनचीच चर्चा चालते. दर बुधवारी कुणीतरी टेबलावर मूठ आपटून म्हणतं, खोट्या कागदावर माणसाला बेटावर पाठवलं! सगळे माना डोलावतात. मीही डोलावतो. तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. तिच्यावर आता कोट टाकतात.

मला खोकला झाला आहे. तुझ्या जोड्यांत पाणी शिरतं.

लीव्हन


गेंट, २ जानेवारी १८९९

कामिएल,

काल माझ्याकडे नाताली स्टीन्स आली होती. वर्षाचा पहिला दिवस, रविवार, प्रार्थना आटोपून थेट. हातात कागदात गुंडाळलेले दालचिनीचे पाव.

"बसा, बाई," मी म्हणालो.

"बसायला नाही आले. एकटा जीव, आणि खुर्च्या सहा. कुणासाठी हो, प्रोफेसर?" असं म्हणून ती बसली. "हे घ्या. आशीर्वाद दिलेले नाहीत, घाबरू नका. साध्या भट्टीतले आहेत."

मी पाव भाजले. तिने दोन खाल्ले, मी एक. मग ती म्हणाली, "त्या कामिएलला तुम्ही घालवलंत."

"मंडळाने."

"मंडळाला तोंड कुणाचं आहे?" तिने टोपीखालून माझ्याकडे पाहिलं. "तो बिचारा आधी दहा मिनिटं भांडला हो. पाद्रीबुवा जिन्यात उभे, गुडघ्यांनी आजारी, आणि आत याचं चाललंय, ऑक्ताफ, तू सही केलीयस, ऑक्ताफ, तू सही केलीयस. शेवटी भाऊ म्हणाला, माझी सही मी नाही फिरवायची तर काय शेजाऱ्याने?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दार बंद करता तुम्ही लोक. हळू बोलायला कुठे शिकलात?" ती थोडं हसली, मग थांबली. "आणि मग भाऊ म्हणाला, मी परवा लीव्हनला सांगितलं. त्याने उशी सारखी केली."

मी काही बोललो नाही.

"त्या दिवशीही तुम्ही काही बोलला नव्हता म्हणे," नाताली म्हणाली आणि हातावरचे कण झटकून उठली.

जाताना तिने एक कागद ठेवला. ऑक्ताफच्या उशीखाली होता. माझ्या भाषणाचं ते मुद्रित, त्याने स्वतः जुळवलेलं, त्याच्याच पेन्सिलीने तपासलेलं. माझ्याकडची प्रत वेगळी होती, कामिएल. हिच्यावर सात विशेषणं काढली आहेत. एका ठिकाणी समासात "उगाच संस्कृत!" असं आहे. आणि जिथे मी लिहिलं आहे, "त्याने अखेरपर्यंत आपलं दार बंद ठेवलं," तिथे ओळ काढलेली नाही. बाजूला बारीक अक्षरात फक्त एवढंच: "हे नंतर बघू." खाली तारीख, चौदा जून. जूनमध्ये त्याला ताप नव्हता. जूनमध्ये तो आपल्याबरोबर लेई नदीवर होडीत बसून बियर पीत होता आणि तुझ्या टोपीवर गाणी रचत होता.

म्हणजे त्याने आधीच ठरवलं होतं, किंवा ठरवलं नव्हतं, आणि मला सांगितलं नाही. रोज दुपारी माझ्यासमोर बसून "अढळ काढ" म्हणत राहिला. एकतीस वर्षांत त्याने माझी एकही चूक लपवली नाही, आणि स्वतःची शंका मात्र लपवली.

आणि तू. तुला शुक्रवारचं ठाऊक होतं. रविवारपासून ठाऊक होतं. चोवीस तारखेला मी उभा राहून 'विश्वासघात' हा शब्द चार वेळा वापरला (मोजले आहेत, टिपण माझ्याकडे आहे), आणि तू समोर बसून टोपी कुरवाळत होतास. एक वाक्य बोलला असतास: "यालाही विचारलं होतं." ठराव तिथेच कोसळला असता. तू मला वाचवलंस. कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं का? मला न विचारता माझ्यावर उपकार केलास, आणि चौदा दिवसांनी छत्रीवाल्या बाईचं चित्र पाठवलंस. तुम्हा दोघांनी मिळून मला कसला माणूस समजलात, ज्याला काही सांगायची सोय नाही?

उत्तर देऊ नकोस. मला ते येतं.

लीव्हन


गेंट, २२ जानेवारी

कामिएल,

तू खरंच उत्तर दिलं नाहीस. इतका आज्ञाधारक कधीपासून झालास?

वादात आधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं आणि मगच त्याचं खंडन करायचं, हे मी वीस वर्षं शिकवतो. त्या झोपाळू विद्यार्थ्यालाही ते येतं. तुझी बाजू मी एकदाही मांडली नाही. आज मांडायला बसलो, आणि तिची सुरुवात शुक्रवारपासून होते, म्हणून आधी शुक्रवार लिहितो. डिसेंबरात त्याबद्दल जे लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं. फक्त मधला भाग नव्हता.

तीन वाजले असतील. ऑक्ताफला ताप नव्हता. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो आणि त्याने दोन छपाईच्या चुका कानाने पकडल्या. मग माझ्या बाहीला धरून म्हणाला, "लीव्हन, नातालीला वर बोलाव. म्हणावं, त्यांना घेऊन ये."

मी विचारलं, "कुणाला?"

"माहीत आहे तुला."

मला माहीत होतं. मी उशी उचलली, थोपटली, परत ठेवली. "झोप जरा," म्हणालो. "उद्या बरं वाटेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हजार प्रती छापून झाल्यावर पहिल्याच पानावर चूक दिसली की तो जसा पाहायचा, तसा. रागावला नाही. आता काही करता येत नाही, एवढंच होतं त्या नजरेत. मग डोळे मिटले. मी दाराबाहेर खुर्ची टाकून, दाराला पाठ टेकून सात वाजेपर्यंत बसलो. नाताली दोन पायऱ्या खाली. तिच्या लेसच्या लाकडी रिळांचा आवाज येत होता. मला त्या वेळी वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलं नाही. मी खूश होतो. कलम उपयोगी पडलं, असं वाटत होतं. घरी जाऊन कोंबडीचा रस्सा दोनदा वाढून घेतला.

तुझी बाजू अशी की तू एका माणसाचं ऐकलंस. बस्स. तीन पानांची तयारी करून बसलो होतो, एका ओळीत संपली. खंडन सुचत नाही.

पण एक राहतंच. दार उघडलंस ते ठीक. मला सांगायला हवं होतंस. रविवारी दुपारी माझ्याकडे येऊन, माझ्या सहा खुर्च्यांपैकी एकीवर बसून, तोंडावर. मी ओरडलो असतो, तुला घालवून दिलं असतं, कदाचित तुझ्या अंगावर कॉफी टाकली असती. ती माझी गोष्ट होती. ती तू वर्तमानपत्राला दिलीस. हे मी विसरणार नाही. याउपर काही म्हणायचं नाही.

खोकला गेला नाही, म्हणून परवा डॉक्टरने मला त्या तुझ्या किरणांच्या पडद्यापुढे उभं केलं. या वेळी हात नाही, छाती. हृदयाच्या डाव्या बाजूला अंड्याएवढी सावली आहे. मी विचारलं, आत्मा तर नव्हे? डॉक्टर तरुण आहे, त्याला ऑक्ताफ ठाऊक नव्हता. तो हसला नाही.

लीव्हन


गेंट, ९ फेब्रुवारी

कामिएल,

काल बुधवारी मंडळात मी उभा राहिलो आणि शुक्रवारची गोष्ट सांगितली. उशीसकट, रश्श्यासकट. तुझ्यावरचा ठराव मागे घ्यावा म्हणालो, आणि घ्यायचा नसेल तर तसाच एक माझ्यावर करावा.

मग अध्यक्ष म्हणाले, "प्रोफेसर हासार्त, आपण कागदाप्रमाणे वागलात. मित्रप्रेमापुढेही डळमळला नाहीत." आणि टाळ्या, कामिएल. उभं राहून. दाढीवाला, काचेचा धंदा करणारा हुपे माझा हात सोडेना. "असं काळीज हवं!" म्हणत होता. तुझ्या ठरावाचं काय, असं मी पुन्हा विचारलं, तर ते म्हणाले, "आपण थोर मनाचे आहात," आणि सभा बियरकडे वळली. कोट अजून तुझ्या खुर्चीवरच होते. मी ते खाली ठेवले, बसलो त्या खुर्चीवर थोडा वेळ, आणि घरी आलो.

माझ्या छातीची बातमी त्यांना आधीच लागली होती. तू नाहीस, ऑक्ताफ नाही, म्हणून त्यांनी माझ्या दारासाठी दोघे नेमले आहेत. एक हुपे, दुसरा तारखात्यातला एक गोरापान तिशीतला. निघताना त्याने माझं कलम मला घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकला नाही. माझे विद्यार्थी कधी इतकं पाठ करत नाहीत.

माझ्या सहीची प्रत तुझ्या खणात आहे. फाडून टाक असं म्हणत नाही. पाद्री मला आजही नको आहे. बसून, शुद्धीत, दुपारी दोन वाजता, स्वच्छ अक्षरात लिहितो आहे, तेव्हा हे माझंच बोलणं समजावं. मधल्या रिकाम्या जागेच्या डावीकडे मला ठेवा. बँड नको. भाषण करायचं असेल तर ऑक्ताफचंच वाच, विशेषणं काढलेलं.

तुझे जोडे पाठवत नाही. ते हवे असतील तर तुला गाडीने गेंटला यावं लागेल, आणि यायचं तर लवकर ये, आणि सामान जास्त आण.

कारण खोकल्याचा विनोद करून झाला, सावलीचाही झाला, आता काही उरलं नाही. मरायला मी भितो, पण तेवढं सगळेच भितात. माझ्या मनाला लागून राहिलंय ते वेगळंच आहे. शेवटी शेवटी मी काहीतरी मागेन. पाद्री मागेन, पाणी मागेन, आईला हाक मारेन, तुलाही हाक मारेन, काय मागेन ते मला आज सांगता येत नाही. आणि दाराशी माझ्यासारखा माणूस बसलेला असेल.

लीव्हन